नंदीश त्या दिवशी प्यालेला नव्हता

मी, सोनाली अजिनाथ कोळेकर, वय ३३ वर्षे, धंदा शिक्षिका, राहणार विजापूर रोड, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या घरी बसून, रविवार दि. ८ जून २०२५ रोजी लिहावयास घेत आहे. मला हे कोणी सांगितलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कारण असे की, माझ्या डाव्या कानामागच्या नसेवर गाठ आहे आणि १७ जूनला पुण्यात शस्त्रक्रिया ठरली आहे. जिवाला धोका शंभरात एक, असे डॉक्टर म्हणाले. मी आठवीला गणित शिकवते. एक म्हणजे शून्य नव्हे, हे मी मुलांना वर्षभर सांगते, तेव्हा स्वतःला वेगळे सांगणे बरे नव्हे. डाव्या कानाचे ऐकू येणे मात्र नक्की जाणार आहे. ते कोणाला देता येण्यासारखे नसल्याने खाली त्याची नोंद नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या. हे माझ्या नावावर असले तरी वडील अजिनाथ ज्ञानू कोळेकर यांनी निम्मी मेंढरे विकून घेतलेले आहे. ते त्यांच्याकडे परत जावे. ते इथे राहणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. "मेंढरं कुटं बांधू, गच्चीवर?" असे त्यांनी विचारलेले आहे. त्यांनी घर विकावे किंवा भाड्याने द्यावे. शेजारच्या केराबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका, माझ्या नळावर रोज एक हंडा भरतात. हा तोंडी करार पुढच्या मालकानेही पाळावा.

कलम २. बँकेतील ठेव, भविष्य निर्वाह निधी आणि स्कूटर धाकटी बहीण दिपाली हिला. या मृत्युपत्राची व्यवस्था तिनेच पाहावी. स्कूटरचा मागचा ब्रेक लागत नाही. मी तो दोन महिने दुरुस्त केलेला नाही, हे तिने चालवण्याआधी वाचावे.

कलम ३. वाद्ये व सामान. एक काळी इलेक्ट्रिक गिटार, एक अॅम्प्लिफायर, आवाज फाटका करणारे एक पेडल. ही तिन्ही दिपालीकडे जावीत. तिने ती विकली तरी चालतील. लग्नाच्या बँजो पार्टीला विकू नयेत, अशी अट मी दहा वर्षांपूर्वी घातली असती. आता घालत नाही.

ही वाद्ये कशाची, हे पुढे कोणाला कळावे म्हणून लिहिते. २०१२ ते २०१५ या काळात सोलापुरात डेथ मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारे वेगवान रॉक, वाजवणारे पाच बँड होते. ऐकणारे फार तर साठ, आणि त्यातले वीस आम्ही वाजवणारेच. आमच्या बँडचे नाव माळढोक. ज्या पक्ष्यासाठी लोक नान्नजच्या माळावर जातात आणि तो न दिसताच परत येतात, त्याचे नाव. मी गिटारवर. ड्रमवर मैंदर्गीचा नंदीश बिराजदार. बेस गिटार वाजवणारा आणि घशातून गुरगुरत गाणारा अभिमन्यू तळेकर, केमचा. आमची आजी अंबुबाई हिने एकदा त्याचे गाणे मोबाइलवर ऐकले आणि विचारले, "या पोराला कोन मारतंय गं?"

आम्हाला सरावाला कोणी जागा देईना. शेवटी पूर्व भागातल्या एका चादर कारखान्याच्या मालकाने सुताची कोठी दिली. भिंतीपलीकडे अठरा यंत्रमाग चालत. "आमच्या मागांच्या आवाजात तुमचं कोणाला ऐकू येतंय? वाजवा बिनधास्त," ते म्हणाले. तीन वर्षे आम्ही मागांच्या शेजारी वाजवले. जमीन हादरायची, ठोका पायातून वर यायचा. आमची सगळी गाणी, नकळत, मागाच्या वेगाची किंवा बरोबर त्याच्या दुपटीची झाली. हे आम्हा तिघांत फक्त नंदीशच्या लक्षात आले होते.

इथे आमच्या घरच्या शिकवणीबद्दल लिहिणे भाग आहे. शाळेत जाण्याआधी मी ताल वडिलांकडून शिकले. ते धनगरी ओव्यांच्या मंडळात ढोल वाजवतात. त्यांच्या मंडळाचा नियम असा की, ठेका चुकला की ज्याचा चुकला त्याने आपला हात वर करायचा आणि रिंगणातून कडेला व्हायचे. कोण चुकला, असे कोणी विचारत नाही आणि कोणी बोट दाखवत नाही. मी सहा वर्षांची असताना दोनदा कडेला झालेली आहे. म्हणजे पुढच्या कलमात लिहिलेली गोष्ट मी अजाणतेपणी केली, असे मला म्हणता येणार नाही.

कलम ४. दि. २० डिसेंबर २०१५ रोजी, रविवारी दुपारी चार वाजता, पुण्यातल्या एका सभागृहात माळढोकचा कार्यक्रम झाला. सोलापूरबाहेरचा पहिला आणि शेवटचा. त्याच्या तीन आठवडे आधी नंदीश मला म्हणाला होता, "कोळेकरीण, सुट्टीदिवशी माग बंद असत्यात. एकदा त्या दिवशी वाजवून बघू की. तितं पुण्यात माग न्हाईत."

मी नाही म्हटले. गावी जायचे आहे, असे सांगितले. मला गावी जायचे नव्हते. एका सुट्टीच्या दिवशी मी कोठीत एकटी वाजवून पाहिले होते आणि मागाशिवाय माझा हात पुढे पळतो, हे मला कळलेले होते.

पुण्यात दुसऱ्याच गाण्यात माझा हात पळाला. नंदीशने आपला ठेका धरून ठेवला, मग मला गाठायला वेग वाढवला, मग मी आणखी पुढे गेले. अभिमन्यू मध्येच थांबला. लोक हसले. कोणीतरी ओरडले, "सोलापूर, चटणी विका!" आम्ही उतरलो. खाली उतरताच दुसऱ्या बँडच्या पोरांनी विचारले, काय झाले? मी म्हणाले, "नंदीश पिऊन आला होता."

नंदीश त्या दिवशी प्यालेला नव्हता. त्याआधी कधी नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे नंतरही नाही.

तो माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि त्याने माझ्याकडे पाहिले. परतीच्या गाडीत तो दुसऱ्या डब्यात बसला. अभिमन्यू मला म्हणाला, "सोने, ठेका कुणाचा पळाला ते तुलाबी म्हाईत हाय." मी खिडकीबाहेर बघत राहिले. कुर्डुवाडीला अभिमन्यू उतरून गेला. आता तो तिथेच रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याने पुन्हा बेस हातात घेतला नाही. खरे ठाऊक असून तो लोकांपुढे गप्प राहिला, याबद्दल मी बरीच वर्षे त्याच्यावर राग धरला, कारण स्वतःवर धरण्यापेक्षा ते सोपे होते. तो राग या कलमान्वये सोडून देत आहे.

माझे ते वाक्य साठ माणसांत फिरले, मग इंटरनेटवर गेले, आणि पंधरा दिवसांत मैंदर्गीला नंदीशच्या वडिलांपर्यंत पोचले. घरात दारूचा थेंब न येऊ देणारी ती माणसे. त्यांनी ड्रम विकायला लावले. नंदीश तेव्हापासून बाजारपेठेतल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानात बसतो. मी साडेनऊ वर्षांत त्याला एकदाही खरे सांगितले नाही.

कलम ५. त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण पुण्याच्या ध्वनियंत्रणावाल्याने मला तेव्हाच पाठवले होते. त्यात प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते. नंदीशचा ठेका सरळ आहे आणि माझा हात कुठून पळतो, ते लहान मुलालाही कळेल. ते मी कोणाला ऐकवले नाही. ते पेनड्राइव्हवर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, शाळेच्या प्रगतिपुस्तकांच्या मागे आहे. माझ्या मृत्यूनंतर ते, कलम ४ च्या प्रतीसह, नंदीश बिराजदार याला द्यावे.

कलम ६. माझ्यामागे वडिलांच्या मंडळाने ओव्या म्हणाव्यात. माळढोकचे गाणे लावू नये. आजी घाबरेल.

दुरुस्ती व पुरवणी, शनिवार दि. १४ जून २०२५

वरील मजकूर मी मंगळवारी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी कलम १ वर काही म्हटले नाही. कलम ५ वर मला थांबवले.

"म्हंजे तू मेल्यावर त्येला सांगायचं?"

"हो, आबा."

"आनि न्हाय मेलीस तर?"

मी कागदाची घडी घातली. ते म्हणाले, "मेलेलं मानूस कडंला हुत न्हाय गं, त्येला चार जन उचलून कडंला करत्यात. तू जित्ती हाईस. जा की."

गुरुवारी मी मैंदर्गीला गेले. नंदीश दुकानात होता. केस गेलेत, अंग भरले आहे. मला बघून म्हणाला, "कुकर पायजे का पातेलं?" मी कलम ४ त्याच्यापुढे ठेवले. त्याने उभ्याने वाचले. एका गिऱ्हाइकाला घागर दिली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. मी पेनड्राइव्ह पुढे केला. त्याने घेतला नाही.

"मला काय ऐकवतीस? मी तितं होतो की."

"मग तू बोलला का नाहीस?"

"प्यालेल्याचं कोन ऐकतंय?" तो म्हणाला. "माज्या बापाला सांगायचं होतंस. त्यो गेला, तीन वर्सं झाली. जाईपर्यंत त्येला त्येच खरं वाटत होतं."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. ती दुरुस्त करण्याचा कोणताही उपाय या मृत्युपत्रात नाही, आणि इतर कोणत्याही कागदात असेल असे वाटत नाही.

मग त्याने आतल्या दाराकडे बघून हाक मारली, "अव्वा, हिकडं ये." त्याची आई बसम्मा बाहेर आल्या. "हिला सांग," तो मला म्हणाला. मी सांगितले. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइके होती. मी आवाज कमी केला नाही.

बसम्मांनी नंदीशच्या तोंडाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "रोज सांच्याला घरात आला की मी ह्याचं तोंड हुंगायची. नऊ वर्सं. लेकराचं तोंड." आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. त्यांनी मला माफ केले, असे कोणी समजू नये. मीही समजत नाही.

सबब पुढील बदल. कलम ५ रद्द. "तू द्यायचं आन् मी घ्यायचं, हे नको," असे नंदीशने स्पष्ट सांगितले. ध्वनिमुद्रण आणि कलम ४ मी काल माळढोकच्या इंटरनेटवरच्या जुन्या पानावर माझ्या नावाने टाकले आहे. ते काढू नये. आजपर्यंत एकोणीस जणांनी पाहिले. एकाने विचारले, हा बँड अजून आहे का?

गुरुवारी मी दुकानातून निघताना नंदीशने विचारले, "साक्षीला कोन?" मी म्हणाले, केराबाई, दुसरे अजून ठरायचे आहे. तो म्हणाला, "माजं नाव घाल." मी सांगितले की, साक्षीदार फक्त माझी सही समोर झाली एवढेच सांगतो, आतला मजकूर खरा की खोटा हे सांगत नाही. वकिलांनी मला तसे समजावले आहे. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते तो साक्षीदार नसावा म्हणतात, तर हंडाभर पाणी मिळणाऱ्या केराबाई चालतील का, हेही मी विचारले होते, त्यावर ते हसले होते. नंदीश हसला नाही. "म्हाईत हाय," तो म्हणाला. "शनवारी येतो."

तो आज सकाळच्या एसटीने आला. केराबाईंनी चहा केला. मी दोघांसमोर सही केली, दोघांनी माझ्यासमोर केली. प्रत्येक पानावर आणि रद्द केलेल्या कलमाशेजारी तिघांच्या लहान सह्या आहेत.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १४ जून २०२५

लिहून ठेवणार: सोनाली अजिनाथ कोळेकर

साक्षीदार १: केराबाई वाघमोडे, विजापूर रोड, सोलापूर

साक्षीदार २: नंदीश शिवलिंग बिराजदार, मु. मैंदर्गी, ता. अक्कलकोट. सोनाली कोळेकर यांनी माझ्यासमोर सही केली. मी सही करताना शुद्धीत होतो. पुण्यातही होतो.