पाठीवरची

२ मार्च
आले एकदाची! खोली टीचभर, पण खिडकीतून थेट धावपट्टी दिसते. तीन आठवडे सराव, मग चारशे मीटरची निवड. ती मी मारणारच. इथे लोखंडी वजनं नाहीत, सरांची तऱ्हाच वेगळी. भिंतीकडे तोंड करून वाकायचं, जोडीदारीण पाठुंगळी चढते, मग लाकडी खोक्यावर चढ-उतर. मांड्या नुसत्या पेटतात. मागे वळून बघायचं नाही, तोल जातो. थांबताना ‘उतर’ म्हणायचं, त्याशिवाय पाठीवरची उतरत नाही. मला कोपऱ्यातलं खोकं मिळालं. माझी जोडीदारीण हलकी आहे आणि अवाक्षर बोलत नाही. बरंच झालं, मला बडबड सोसत नाही.

९ मार्च
पायांत ताकद आलीय, वळणावर कुणाला ऐकत नाही. पण आज डोकं सणकलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले की तुझ्यापेक्षा म्हैस बरी चढते. मी तशीच तरातरा निघून आले. ‘उतर’ म्हणायचं राहिलं. उतरली असेल आपली आपण, पाय आहेत की तिला.

१२ मार्च
खांदे भरून आलेत, जिना चढताना धाप लागते. खोलीतल्या गोळाफेकवालीला विचारलं, माझी जोडीदारीण कुठल्या खोलीत असते. ती बघतच राहिली. म्हणाली, बाकी आम्ही सहा जणी, तीन जोड्या. कोपऱ्यात तर तू एकटीच चढतेस.

१३ मार्च
‘उतर’ म्हणून म्हणून घसा बसला. सरांना जाऊन धरलं. त्यांना सगळं माहीत होतं! गेल्या वर्षी निवडीच्या आदल्या दिवशी एक मुलगी त्याच खोक्यावरून डोक्यावर पडून मेली. तिची शर्यत राहिली, पण तिला वाहणारीचे पाय तयार होतात म्हणे. वर मलाच सुनावलं की वेळेवर म्हटलं असतंस तर उतरली असती, आता तिची मर्जी. नीच माणूस! माझी पाठ म्हणजे काय धर्मशाळा आहे?

१८ मार्च
हिला घेऊन पळते. दात-ओठ खात पळते. आरशात कुणी नाही, पण खांद्यांवर बोटांचे वळ आहेत. मानेवर गार श्वास — निवड माझी आहे, भवाने, तुझी नाही, ऐकतेस ना —

२३ मार्च, मैदान
धाकटी बहीण आलीय, मला धीर द्यायला. तीही पळते, माझ्याहून जोरात. अजून पुकारा नाही. तोवर लिहीत बसलेय —

पाठ हलकी झाली. एकदम. मी काही म्हटलं नव्हतं —

धाकटी माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला वाकलीय. मान वर होत नाहीय तिची. म्हणते, ताई, अंगावर रेलू नकोस ना, जड होतंय —

मी तिच्या समोर बसलेय. मी तर हातही —

सोड तिला! मेले, ती लहान आहे, तिला सोड — ही बघ, मी वाकते, माझ्यावर बस, जन्मभर बस, ये, माझ्या —