डावीकडचा बुरूज

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझ्या पाठीचं कसं काय? (तू ‘बरी आहे’ लिहिशील, म्हणून उत्तर वहिनीकडून हवं.) आबा जेवतात, झोपतात आणि शेजारच्या वकिलांना रोज नव्याने आपली ओळख करून देतात. वकीलही रोज नव्याने ‘भेटून आनंद झाला’ म्हणतात. भला माणूस.

नगरपालिकेने सांगितलेलं वेशीच्या दगडी दरवाजाचं चित्र अखेर पुरं झालं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने काढलेलं चित्र कागदावर उलटं छापलं जातं, हे आपल्या घरात बोलता येण्याआधी शिकवतात. म्हणून तर आबा जन्मभर इमारतींकडे पाठ करून, समोर आरसा टांगून, त्यात बघून काढत आले. (लोकांना वाटायचं, दाढी करतायत.) या वेळी ते सरळ वेशीकडे तोंड करून बसले. मी शेजारीच होते, आरसा माझ्या पिशवीत होता, आणि मी तो काढला नाही. कित्येक महिन्यांनी त्यांचा हात थरथरत नव्हता रे. मध्ये काय बोलणार? छाप निघाले तेव्हा डावीकडचा पडका बुरूज उजवीकडे गेला होता. नगरपालिकेच्या साहेबांनी चित्र पाहिलं, खिडकीतून वेस पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं. मग म्हणाले, “बाई, हे मागून बघायचं का?” कारकुनाने लगेच कागद उजेडाला धरून मागून पाहिला. बुरूज जागेवर आला, पण आबांची पेन्सिलची सही उलटी झाली. दोघांनी यावर बराच विचार केला. शेवटी सगळे छाप मी परत आणले. दारातच आबांनी विचारलं, “पसंत पडलं?” म्हटलं, साहेब बघतच राहिले. (हे खोटं नाही.) तेव्हापासून ते साहेबांच्या पत्राची वाट पाहतायत. बाकी सगळं विसरतात, हे तेवढं विसरत नाहीत. टपालवाला दिसला की टोपी घालून दारात.

वहिनीला नमस्कार. स्वतःला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. साहेबांच्या नावाने तू एक पत्र टाइप करून पाठव. ‘चित्र दालनात लावले’ एवढं पुरे. सही गिचमिड कर.

ता. क. दुसरा. आबांनी हे सगळं माझ्या मागे उभं राहून वाचलं. म्हणाले, “त्याला नाही जमायचं. शाळेत आजारपणाच्या चिठ्ठीवर स्वतःचीच सही करून आला होता.” मग तांब्याचा पत्रा मागून घेतला. त्यावर आडवी रेघ ओढायला हवी म्हणाले, म्हणजे पुन्हा कुणी छापणार नाही. मघापासून सुई हातात घेऊन बसलेत. अजून ओढली नाही.

ते पत्र नको. तू ये.