दूध उतू गेलं न्हाई

मलावी

आई, तुझा कैलास लांबूनच पाया पडतो.

फादर उद्या लोणावळ्याला परत निघालेत, त्यांच्या हाती चिठ्ठी देतोय. शेजारच्या समीक्षाकडनं वाचून घे.

माझा ताप उतरला. आलता तवा कळवलं न्हाई, तू तितं कान्हे गावात जेवणच सोडलं असतंस. गुडघ्याला तेल लावतेस का?

चर्चनं हितल्या अनाथ पोरांसाठी बांधायला घेतलेली शाळा आमच्या हातनं उभी राहिली. कालच्या पावसात कुटंच गळली न्हाई, लय हायसं वाटलं. आज तू सांगितलंस तसं नव्या वास्तूत चूल मांडून दूध ठेवलं. फादर हसून म्हणाले, घाल उतू. पण दूध उतू गेलं न्हाई. लगेच मनात काय आणू नको, पुढचं ऐक.

दूध वर आलं तशी थोको नावाची बारकी पोर धावत आली अन् फ्रॉकच्या घेरात धरून पातेलं खाली उतरवलं. मी ओरडलो. फादरना तिची बोली येते, त्यांनी विचारलं तर म्हणाली, "दूध सांडत होतं अन् हा माणूस नुसता बघत होता."

धाकट्या भावंडांना तीच सांभाळते, आई.

मग साखर घालून सगळ्या पोरांना दूध वाटलं. थोकोला सांगितलं, सगळ्यांचं पोट भरून उरंल, तवा उतू घालू.

ती म्हणाली, "उरलं तर झाकून ठेवू."

तुझा,
कैलास