एकसष्टीच्या पंगतीतले तीन थर

लातूर, २ फेब्रुवारी २०२४

॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. स्व. लक्ष्मम्मा मावशीस,

शिवानीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू ते डब्यात ठेवतेस, असं काका म्हणाले. म्हणून पत्र.

आमच्या दालमिलच्या तोंडाशी जो गाळा आहे, तो रिकामा झाला. मला तिथे गोड पदार्थांचं दुकान काढायचं आहे, हे तुला माहीत आहेच. पण भीमाशंकर नावाचा एकजण क्लासच्या पोरांसाठी खानावळ काढायला तोच गाळा मागतो आहे. श्रीशैल माझ्या बाजूने आहेत, पण वडिलांसमोर त्यांचा आवाज तुझ्या यंत्राएवढाच. शेवटी सासऱ्यांनी, अप्पांनीच, अट घातली. अठरा तारखेला त्यांची एकसष्टी आहे. घरी आमच्या जंगम गुरूंची, अय्यांची, पाद्यपूजा होऊन पंगत बसेल. त्या पंगतीत माझा पदार्थ लोकांनी मागून घेतला तर गाळा माझा. माणूस भिडेनं एकदा वाढून घेतो, दुसऱ्यांदा मागतो ते चवीनं, असं त्यांचं म्हणणं.

मी चॉकलेट मूस करायचं ठरवलं आहे. चॉकलेट वितळवून घुसळलेल्या क्रीममध्ये मिसळायचं आणि पेल्यात गोठवायचं. खाली काळं, मध्ये तपकिरी, वर पांढरं, असे तीन थर. पण व्हिडिओतल्या बाईनं सुरुवातीलाच चार अंडी फोडली. दुसरीनं जिलेटिन घातलं, ते तर हाडांचं असतं म्हणे. म्हणून मी समुद्रातल्या शेवाळाचं ते चायना ग्रास उकळून क्रीममध्ये ओतलं, तर त्याच्या शेवया झाल्या. सासूबाईंनी चमच्यानं एक शेवई उचलून पाहिली आणि तशीच ठेवून दिली. तू दुकानात इतकी वर्षं चायना ग्रास विकतेस. कुठे चुकलं ते कळव.

काकांना नमस्कार. माया आहेच, पत्रातही दिसू दे.

तुझी,
शिवानी

⁂

धर्माबाद, ८ फेब्रुवारी २०२४

॥ श्री ॥

चि. सौ. शिवानीस लक्ष्मम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझे काका दुकानात गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचून राहिले होते. आता अर्ध्या धर्माबादेला तुझ्या गाळ्याची फिकीर लागली आहे.

चुकलं ते सोपं आहे. चायना ग्रास गार वस्तूत पडलं की जागच्या जागी आखडतं. आधी चॉकलेट गरम पाण्याच्या भांड्यावर वितळव, त्यात उकळतं चायना ग्रास घाल, आणि ते कोमट झालं की मग क्रीम. क्रीमही फ्रिजमधून काढल्या काढल्या घालू नकोस. आणि हात राखून घाल. पाकिटभर घातलंस तर पाहुणे चमचा टाकून सुरी मागतील.

थरांचं म्हणशील, तर वडी जमली का ते कसं बघतो? बोट लावायचं. बोटाला लागलं तर वरचा थर ओतायचा न्हाई, खाली शिरतो. लई कडक होऊ दिलास तरी बेजार, खाताना एकावरून एक घसरतात.

आणखी एक. अय्यांच्या पानात रात्रीचं शिजलेलं चालत नाही. तळलेलं चालतं, लाडू चालतो. तुझं हे कशात मोडतं ते मला कळलं न्हाई. सासूला आधी विचारून घे. विचारायला लाज वाटत असेल तर शेवई कशी होती ते विचार, आपोआप बोलणं निघेल.

श्रीशैलरावांना आशीर्वाद सांग. खुशाली कळवत जा, विसरू नकोस.

तुझी मावशी,
लक्ष्मम्मा

⁂

लातूर, २० फेब्रुवारी २०२४

ती. स्व. मावशीस सा. न. वि. वि.

एकसष्टी झाली. गाळा गेला, असं धरून चाल.

तू सांगितल्याप्रमाणे केलं आणि मूस सुरेख जमलं. तिन्ही थर वेगळे, पेल्यातून रेघ मारल्यासारखे दिसत होते. फक्त सासूबाईंना विचारलं नाही. मला वाटलं, हे शिजवलेलं कुठे आहे, नुसतं वितळवलेलं आहे. आदल्या दिवशीच करून सगळा फ्रिज भरून ठेवला.

सकाळी हार काढायला सासूबाईंनी फ्रिज उघडला आणि हे कधी केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. शिजवलंस का म्हणाल्या. मी नाही म्हटलं. मग त्यांनी चायना ग्रासचं रिकामं पाकीट उचललं आणि हे न उकळता विरघळतं का, एवढंच विचारलं. उकळावंच लागतं, म्हटलं. उकळलं म्हणजे शिजलं, आणि काल शिजलं म्हणजे शिळं. अय्यांच्या पंगतीला ते जाणार नाही, म्हणाल्या. आवाज चढला नाही त्यांचा. मला तेच जास्त लागलं. हाडाचं नको म्हणून जे घातलं, त्यानंच घात केला.

आंघोळ झालेलीच होती. उरलेलं चॉकलेट घेऊन पुन्हा बसले. चायना ग्रासला फ्रिज लागत नाही, पंख्याखालीही ते जमतं, एवढंच नशीब. पांढरं चॉकलेट नव्हतं, तर सकाळच्या दुधाची साय घोटून वरचा थर केला. पण सगळं मिळून पंगतीला पुरेना. श्रीशैल म्हणाले, अय्यांना नि मोठ्यांना वाढ, बाकीच्यांना जिलबी. सासूबाईंनी त्यांना तिथेच थांबवलं. एका पंगतीत दोन तऱ्हा करायला ही काय निवडणुकीची पंगत आहे, म्हणाल्या. शेवटी चहाच्या लहान पेल्यांत दोन-दोन घास सगळ्यांना वाढलं.

लोकांनी मागितलं, मावशी. उदगीरच्या आत्यांनी मागितलं, मिलच्या मुनीमांनी मागितलं. अय्यांनीही पेला पुढे केला. माझ्याकडे एक थेंब नव्हता.

पाहुणे गेल्यावर अप्पांनी निकाल दिला. लोकांनी मागितलं ते कमी पडलं म्हणून, चवीनं मागितलं असं म्हणता येत नाही. दोन घास वाढले तर पिठलंही मागतील. भीमाशंकर शुक्रवारी बोलणी पक्की करायला येणार आहे.

तू विचारायला सांगितलं होतंस. मी विचारलं नाही. रागावायचं तर पत्रातच रागाव, काकांना मोठ्यानं वाचायला लावू नकोस.

तुझी,
शिवानी

⁂

धर्माबाद, २४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. शिवानीस अनेक आशीर्वाद.

रागावून काय करू? तुझ्या सासऱ्याचं बोलणं व्यापाऱ्याचं आहे, खोटं न्हाई. तुझ्या सासूचंही खोटं न्हाई. अशा घरात सुनेला लई वर्षं काढावी लागतात, मी काढली.

पण तू एक लिहिलं न्हाईस. आदल्या दिवशीचे फ्रिजभर पेले कुठं गेले? शिळं अय्यांना चालत नाही, घरच्यांना चालतं. फेकलेस की काय? फेकले असशील तर मात्र खरंच रागावेन.

उत्तर लगेच धाड. काका दुकानात वाट बघून राहिलेत, आणि गिऱ्हाईकसुद्धा.

लक्ष्मम्मा

⁂

लातूर, २८ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. मावशीस सा. न. वि. वि.

फेकले नव्हते. एकसष्टीनंतर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून फ्रिज उघडायचंच टाळत होते. तुला मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी अप्पा दुपारी मिलमधून आले. गार पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर पुढचा पेला काढल्याशिवाय बाटली निघेना. पेला हातात आला तो त्यांनी उभ्यानेच खाल्ला. मग खुर्चीवर बसले आणि आणखी एक आण म्हणाले.

मी आणून दिला. सासूबाई आत कणीक मळत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं की पंगतीत लोकांनी मागितलं ते कमी पडलं म्हणून, तर इथे काय कमी पडलं, फ्रिज तर भरलेला आहे.

अप्पांनी दुसरा पेला सावकाश संपवला. मग भीमाशंकरला फोन लावला आणि गाळा घरातच लागणार आहे, तुम्ही दुसरी जागा बघा, असं सांगितलं.

मला मात्र एक अट घातली. दुकानात रोज त्याच दिवशी केलेलंच ठेवायचं, कालचं ठेवायचं नाही, कालचं खाणं बरं नव्हे. हे सांगताना त्यांच्या हातात तिसरा पेला होता.

काकांना नमस्कार, गिऱ्हाइकांनाही. आशीर्वाद आहेत तसेच राहू देत.

तुझी,
शिवानी