गडाच्या आड आलेली इमारत

धायरी, शनिवार, सायंकाळ

आज तीनदा गच्चीवर चढलो. अँटेना सिंहगडावरील मनोऱ्याकडे अचूक रोखली, तरी चित्र गोठतेच. पूर्वी पडद्यावर मुंग्या येत, पण आवाज तरी ऐकू येई. या डिजिटल प्रक्षेपणात काहीच हाती लागत नाही. उद्या सायंकाळी आमची कन्या दूरचित्रवाणीवर गाणार आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या सुमतीला तिला पाहायचे आहे.

"अहो, मिळाला का गड?" तिने खालून विचारले. "की तोही हलवला कुणी?"

गड जागेवरच आहे. मध्ये अकरा मजली इमारत उभी राहिली आहे, आमच्याच शेतावर. सुमती विकू नका म्हणत होती. सही मी केली. अंथरुणावरून तिला ती इमारत दिसत नाही.

"अँटेना सदोष आहे," असे मी सांगितले. सकाळी ती दुसरी आणावयास सांगेल. मी आणीनही.