दारावरचा झरोका

ताई,

आज मी पाहुण्यांना माझी इमारत दाखवत होतो. परवडणारी घरं, तीही पंख्याशिवाय गार राहणारी, म्हणून तिला बक्षीस मिळायचं घाटत होतं. तुझ्या दारावरच्या झरोक्यात गोधडी कोंबलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. "लोकांना नीट वापरता येत नाही हो," असं मी सगळ्यांदेखत म्हणालो. तू माझी सख्खी बहीण आहेस, एवढं मात्र म्हणालो नाही. तुझ्याकडे कधी आलोच नव्हतो, त्यामुळे शेजाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

तू लगबगीने स्टुलावर चढलीस. "चुकलंच साहेब," म्हणत गोधडी ओढून काढलीस. वारा खरंच खेळायला लागला. आणि त्याच्याबरोबर आतून भाऊजींचा आवाज आला, "अगं, चादर बदल ना. पुन्हा ओली झाली." अख्ख्या मजल्याने ऐकलं. तू मान खाली घातलीस आणि मी पाहुण्यांना वारा समजावून सांगत राहिलो.

नकाशात खिडकीतून शिरून झरोक्यातून बाहेर पडणाऱ्या वाऱ्याचे बाण मी किती हौसेने काढले होते! त्याच्याबरोबर घरातलं आणखी काय बाहेर जाईल, हे डोक्यातच आलं नाही.

गोधडी परत लाव.

हे पत्र मात्र मी पाठवणार नाही. आलेलं पत्र तू भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवतेस. झरोका उघडा असला, तर तो साहेब तुझा कोण, हे सगळ्या मजल्याला कळेल.

तुझा धाकटा