हेमाच्या दोन तासांच्या झोपेपायी

पूर्णा, गुरुवार

ती. सौ. सुलावन्सं यांना राजेश्रीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, भावजींचा खोकला आणि दारची म्हैस यांची खुशाली कळवावी. इकडे तुमचे बंधू बरे आहेत. काठीच्या आधाराने दारापर्यंत जातात आणि परत येऊन चहा अजून का झाला नाही ते विचारतात. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. कागदावर तसं होत नाही. मी आज फार संतापलेली आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत.

भावजयीला दवाखान्याचं वेड लागलंय असं तुम्ही पाथरीत सांगत असता, हे माझ्या कानावर आलं आहे. म्हणून मुळापासून सांगते. गेल्या वर्षी तुमच्या बंधूंची मोटारसायकल ताडकळसच्या रस्त्याला घसरली, मांडीचं हाड मोडलं आणि परभणीच्या दवाखान्यात आमचा मुक्काम पडला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही जीप भरून आला होतात. चहा मी खालच्या टपरीवरून दोन खेपा करून आणला होता. त्यातही साखर कमी निघाली.) शेजारच्या खाटेपाशी ताडकळसच्या सत्यशीलाबाई होत्या, ओळख ना पाळख. एका दुपारी त्या मला म्हणाल्या, "जा, अंग धू, जराशी पड. तुझ्या माणसाकडं मी बघते." मी आंघोळ केली आणि जिन्याखाली चटई टाकून झोपले. वन्सं, तशी झोप मला माहेरीसुद्धा कधी लागली नाही. उठले तेव्हा माणसात आले होते. आपल्याला मिळालं ते दुसऱ्याला द्यायचं, एवढं मी तिथंच ठरवलं. म्हणून दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं परभणीला जाते, पेशंटपाशी बसते आणि त्याच्या माणसाला झोपायला पाठवते.

आता यात कुणाचं काय बिघडतं? पण फुकट बसणाऱ्या बाईवर कुणाचा विश्वास म्हणून नाही. पहिल्या दिवशी एकानं मला विम्याची एजंट समजून हाकललं. दुसऱ्यानं विचारलं, कोणत्या पक्षाकडून? एका म्हातारीनं तर मला बसू दिलं, पण आपली पिशवी पोटाशी धरून दोन तास माझ्याकडं टक लावून बघत राहिली. (पिशवीत मुरमुरे होते.) हे सगळं मी हसून घेतलं. आजचं मात्र घेता येत नाही.

आज चतुराबाई नावाच्या आजींपाशी बसले होते. त्यांचं खुब्याचं हाड मोडलंय, आणि सुईच्या गुंगीत त्या पडून होत्या. त्यांच्या सुनेनं, हेमानं, चार रात्री बसून काढलेल्या. तिला बळंच उठवून जिन्याखाली झोपायला पाठवलं. जाताना बिचारी म्हणाली, कुणी आलंच तर औषध आणायला गेली म्हणून सांगा. ती जाऊन दीड तास झाला असेल नसेल तोच आजींच्या माहेरची मंडळी आली, जीप भरून. पुढं पंचफुलाबाई, आजींची चुलत बहीण. हेमाला यांनी पाहिलेलं फक्त तिच्या लग्नात, तेही मुंडावळ्यांआडून. मी तोंडाला मास्क लावून, डोक्यावर पदर घेऊन खाटेपाशी बसलेली. मग काय, मीच हेमा. मी तोंड उघडायच्या आत पंचफुलाबाईंनी गळा काढला आणि मला फैलावर घेतलं. सासू इतकी वाळली कशी, पडली तेव्हा तू कुठं होतीस, केस का विंचरले नाहीत, आणि आम्ही उन्हातून आलो तर पाण्याचं तरी विचारशील का.

खरं सांगावं तर ही माणसं सुनेला शोधायला निघणार. औषध आणायला गेली म्हणावं, तर दुकान जिन्याला लागूनच, म्हणजे पाय बरोबर तिच्या अंगावर पडला असता. म्हणून मी गप्प राहिले. (मी गप्प राहिले, वन्सं. तुमचे बंधू यावर विश्वास ठेवत नाहीत.) तेवढ्यात आजींनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "ही बाई कोण हाय?"

झालं. सासूनं सुनेला ओळखलं नाही! सुनेनं किती हाल केले असतील तेव्हा म्हातारीचं डोकं फिरलं, असं म्हणून सगळ्या बायका रडायला लागल्या, आणि एका बाप्यानं मला चहा आणायला सांगितलं. त्या चहानं माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले. म्हटलं, चार रात्री इथं डोळ्याला डोळा लागलेला नाही, तुमच्यापैकी कोण संध्याकाळपर्यंत बसतं ते बोला, चहा मग पाजते. मग एकेकाला जीपवाला खोळंबल्याची आठवण झाली, आणि वॉर्ड रिकामा झाला.

मला वाटलं, पराक्रम केला. हेमा उठून आली, तोंड धुतलेलं, चेहरा टवटवीत. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "ताई, तुमी खरंच बोललात. पन नाव माझं लागलं. तुमी जाताल पूर्णेला. मला ह्याच माणसांत नांदायचंय."

मी धावत फाटकापाशी गेले, खोळंबलेली जीप अजून चहाच्या टपरीपाशीच उभी होती, ती गाठली, मास्क काढला आणि पंचफुलाबाईंना सांगितलं की बोलले ती मी, हेमाचा यात काही दोष नाही, ती बिचारी खाली झोपली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, म्हणजे सासूला परक्या बाईच्या हवाली करून झोपली होती तर. आणि जीप निघाली. मघाशी हेमा नुसती तोंडाळ होती, आता आळशीही झाली, आणि हे सगळं माझ्या सेवेमुळं. गाडीत मी पूर्णेपर्यंत दातओठ खात आले. भेटायला येणाऱ्या या माणसांचा मला इतका राग आला आहे की तो कुठं ठेवावा ते कळत नाही, म्हणून तुम्हाला पाठवते आहे.

तुमची भावजय,
राजेश्री

ता. क. पुढच्या महिन्यात तुमच्या बंधूंच्या पायातली सळई काढायची आहे, म्हणजे पुन्हा तोच दवाखाना. तुम्ही जीप ठरवली असं ऐकते. रद्द करा. एकट्या या, एसटीनं. चहा मिळणार नाही. भावापाशी तुम्ही बसा, मी जिन्याखाली पडते. माझ्यासाठी दर गुरुवारी कुणी येत नाही, वन्सं.

आणखी ता. क. तुम्ही बसलेल्या असताना माणसं येतील आणि बायको कुठंय म्हणून विचारतील. औषध आणायला गेली असं सांगू नका. झोपली आहे म्हणून सांगा, जरा मोठ्यानं.